राजेशम मास्तरांची सही

राजेशम मास्तरांमुळं माझं काम सुटलं. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी त्यांच्याबद्दल चार बरे शब्द लिहीन, तेव्हा तो कुणी माझा मोठेपणा समजू नये. मी त्यांना बायकांसमोर नको ते बोलले, साहेबासमोर त्यांच्या तोंडावर खोटं बोलले, आणि दोन्हींची माफी मागितली नाही.

नातीच्या शाळेच्या पुस्तकात एक धडा आहे. जगातले देश एकत्र बसले, हवा-पाणी नासवायचं नाही असं त्यांनी ठरवलं, मग करार झाले, मग आपल्याकडं कायदे झाले. नात मोठ्यानं पाठ करत होती. मी म्हटलं, "हे मला ठाऊक आहे." तिला हसू आलं. आजी चौथी शिकलेली, माहेर वळसंगचं, तिला जगाचे करार कुठून ठाऊक असणार? म्हणून लिहायला बसले. मला ते राजेशम मास्तरांकडून कळले, आणि मास्तरांना तर मराठी वाचताही येत नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सोलापुरात सूत रंगवायचे कारखाने आहेत, त्यांना आम्ही डाईंग म्हणतो. चादरीचं सूत तिथं रंगतं. कोणता रंग, किती, किती वेळ, हे सगळं ठरवणारा माणूस म्हणजे मास्तर. मी आणि दहा-बारा बायका ओल्या लडी पिळायचो आणि काठ्यांवर वाळत घालायचो. माझा नवरा गिरणीत बदली कामगार होता. त्याला काम मिळालं तर मिळालं. घर चालायचं ते माझ्या पिळण्यावर.

मास्तर ठेंगणे, अंगानं सुकलेले. भर उन्हाळ्यातही सदऱ्याची वरची गुंडी लावलेली. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखंच मराठी. बायकांना ते नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी वळसंगवाली. माझी शेजारीण रत्नव्वा अक्कलकोटवाली. हौदाजवळ आले की ते एक बोट पाण्यात बुडवायचे, जिभेला लावायचे, बाजूला थुंकायचे आणि सांगायचे, "मीठ कमी हाय." नाहीतर, "सोडा लई झाला." लाल असो, हिरवा असो, चाखल्याशिवाय सूत आत जायचं नाही. आम्हाला किळस यायची.

रत्नव्वा म्हणायची, "मास्तर, घरी आमटीत तरी मीठ बगता का?"

"घरी कोन इचारतंय?"

हा त्यांचा दुसरा स्वभाव. विचारलं तर खरं सांगायचं, मग समोर कुणी का असेना. न विचारता एक शब्द बोलायचा नाही.

एकदा पुण्याचा एक व्यापारी आला. मालकानं त्याच्यासाठी चहा मागवला, खुर्ची मागवली. व्यापाऱ्यानं लाल लडी हातात घेतली आणि विचारलं, "रंग पक्का आहे ना?"

"पक्का म्हंजे? लोखंड हाय," मालक म्हणाला.

व्यापारी वळला. "काय हो मास्तर?"

"तीन धुण्यात जातुया."

व्यापाऱ्यानं लडी खाली ठेवली. चहा अर्धा टाकून गेला. मालक लालबुंद. "तुमाला बोलायची काय गरज हुती?"

"त्यांनी इचारलं की."

"मग बगून सांगतो म्हनायचं!"

"बगितलंय की मी."

मालक आठ दिवस त्यांच्याशी बोलला नाही. काढून मात्र टाकू शकला नाही. मालकाच्या बापाला रंगातलं कळायचं, याला काही कळत नव्हतं. मास्तर गेले असते तर एकसारख्या दोन लडी निघाल्या नसत्या.

याची दुसरी बाजूही सांगते. मी नवीन होते तेव्हा ओल्या हिरव्या लडी मी लालच्या काठीवर टाकल्या. मास्तर शेजारी उभे राहून बघत होते. दीड काठी भरून डाग पडले. मालकानं मला शिव्या दिल्या. मी मास्तरांवर चिडले, "दिसत हुतं तर सांगायचं की!"

"इचारायचं की," ते म्हणाले आणि गेले. असा माणूस जवळ असला तर बरं वाटत नाही. भीती वाटते.

दुष्काळाच्या साली, म्हणजे बहात्तरला, एका दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. मास्तर भाकरी आणि शेंगाचटणी आणायचे. चटणी त्या दिवशी सात रस्ता चौकातल्या दुकानातून घेतलेली, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली. त्यांनी चटणी भाकरीवर ओतून घेतली आणि कागद माझ्याकडं सरकवला. "वळसंगवाली, ह्यात पान्याचं कायतरी हाय. मला 'पानी' एवढंच अक्षर कळतंय. वाच."

दुष्काळात पाणी हा शब्द दिसला की माणूस वाचायचाच. मी बोट ठेवून वाचलं. लांब परमुलखात देशादेशांची माणसं जमली होती. आपलीही गेली होती. पाणी, हवा, जमीन, समुद्र यांची नासाडी थांबवायची, असा ठराव त्यांनी केला होता. पुढं एक अवघड शब्द होता, मी तो तीनदा अडखळत वाचला. पर्यावरण.

"म्हंजे काय?"

"आजूबाजूचं सगळं असंल."

"मग ही मागची हीर त्यात येती का?"

"मास्तर, सगळ्या जगाचं चाललंय. तुमच्या हिरीचं कोन बोलतंय तितं?"

मास्तरांनी तेलकट कागद झटकला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

ही विहीर डाईंगच्या पाठीमागं होती. आमची गल्ली तिच्यावरच जगायची. दुष्काळात नळ कोरडे पडले तेव्हा आम्ही रांगा लावून तिचं पाणी नेलं. दुष्काळ सरला, पाऊस झाला, विहीर भरली आणि भरलेल्या विहिरीचं पाणी बिघडलं. डाळ शिजेना. पोरांच्या अंगाला खाज सुटली. रत्नव्वाच्या धाकटीची मान खाजवून खाजवून सोलली.

डाईंगचं सांडपाणी गटारानं ओढ्यात जायचं आणि ओढा विहिरीला खेटून. ओढा कधी लाल, कधी हिरवा. बायका म्हणाल्या, रंग मुरतोय. मीही म्हणाले. सगळ्यांत जास्त शिकलेली मी, म्हणून अर्ज मीच लिहिला. "ओढ्यात लाल पाणी सोडतात त्यामुळे विहीर खराब झाली आहे." खाली बायकांचे अंगठे घेतले. माझं नाव लिहिलं नाही, कारण मी त्याच डाईंगमध्ये पिळत होते. अर्ज कचेरीत दिला. दोन वर्षं कुणी फिरकलं नाही. आम्ही विसरलो.

मग नवा कायदा आला आणि एक दिवस जीपमधून एक तरुण साहेब उतरला. हातात जाड फाईल, खांद्याला पिशवी. बायका त्याला पाणीसाहेब म्हणू लागल्या. पहिल्या खेपेला त्यानं नुसतं फिरून पाहिलं, हौद मोजले, आणि मालकाला सांगितलं, "ओढा लाल होतो अशी तक्रार आहे. पंधरा दिवसांत मी पाण्याचा नमुना घ्यायला येईन. कधी येईन ते सांगणार नाही."

मालक आत गेला तेव्हा मास्तरांनी साहेबाला गाठलं. खिशातला तो कागद काढला. घडीवर फाटला होता.

"साहेब, हे जगाचं ठरलंय, त्येच का हे?"

साहेबानं कागद पाहिला. त्याला नवल वाटलं. "हो, त्याचाच हा पुढचा भाग म्हणा. पण हा ठराव आहे, मास्तर. करार वेगळा. करारावर देश सह्या करतात, मग तो पाळावा लागतो. समुद्रात घाण टाकायची नाही, असा करारही झालाय."

"समुद्रात?"

"हो."

मास्तरांनी ओढ्याकडं हात केला. "हे पानी सीनेला जातंय. सीना भीमेला मिळती. भीमा किष्णेला. किष्णा आमच्या मुलखातनं जाती, माझी आत्या तिचं पानी पिती. आन् फुडं समुद्र."

साहेब हसला. "तो करार जहाजांसाठी आहे हो. ओढ्यासाठी नाही."

"पान्याला काय ठावं?"

साहेब हसायचा थांबला. फाईल उघडून त्यानं काहीतरी लिहून घेतलं.

पुढचे दिवस वाईट गेले. मालकानं आम्हाला गोळा केलं आणि सरळ सांगितलं, "पानी नापास झालं तर टाळं लागंल. मग चुली कशा पेटवायच्या ते तुमचं तुमी बगा." मी घरी गेले, नवऱ्याकडं पाहिलं. तो गिरणीच्या फाटकावरून परत आला होता, बदलीच मिळाली नव्हती. त्या अर्जातल्या माझ्या अक्षराची मला धास्ती वाटायला लागली. कुणी ओळखलं तर? विहीर सुधारावी म्हणून लिहिलं होतं. आता वाटत होतं, विहीर गेली खड्ड्यात, काम राहू दे.

मालकानं तोड काढली. डाईंगमध्ये तीन हौद होते. लाल, हिरवा आणि पांढरा. पांढऱ्या हौदात सूत रंगवायच्या आधी ब्लीच करून, तेजाबात धुऊन स्वच्छ करायचे. ते पाणी रोज संध्याकाळी सोडायचे. दिसायला नितळ, प्यावंसं वाटेल असं. प्रत्येक हौदाच्या तळाला भोक आणि त्यात चिंध्यांचा बोळा. मालकानं गल्लीच्या तोंडाशी सायकलच्या दुकानात एक माणूस बसवला. जीप दिसली की त्यानं शिट्टी घालायची. शिट्टी ऐकली की रत्नव्वानं आणि मी लाल-हिरव्याचे बोळे घट्ट ठोकायचे आणि पांढऱ्याचा काढायचा.

"साहेब नितळ पानी घिऊन जातुया," मालक खूश होऊन म्हणाला. "तक्रार लाल पान्याची हाय. आन् ब्लीचला कोन नापास करतंय? दुष्काळात म्युन्सिपालटीच हिरीत ब्लीच पावडर टाकत हुती!"

हे आम्हालाही पटलं. टाकायचे खरंच. वास यायचा, पण पाणी स्वच्छ झालं असंच आम्ही समजायचो. मास्तर तिथंच उभे होते. मालकानं त्यांना विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

शिट्टी वाजली तेव्हा सकाळचे दहा झाले असतील. मी लालमध्ये हात घातला, बोळा ठोकला. रत्नव्वानं हिरवा बंद केला. मग दोघींनी मिळून पांढऱ्याचा बोळा ओढला. पाणी गटारात धावलं. दोन बादल्या साधं पाणी ओतून आम्ही गटार धुतलं, तोवर जीप दारात.

मास्तर पांढऱ्या हौदाशी गेले. बोट बुडवलं. मी बघत होते. बोट वर आलं आणि जिभेकडं गेलं नाही. त्यांनी ते धोतराला पुसलं.

एवढ्या वर्षांत त्यांनी न चाखता सोडलेलं पाणी मी पाहिलं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं. लालपेक्षा, हिरव्यापेक्षा हे वाईट आहे, हे ठाऊक होतं, आणि ते गप्प होते. मी मालकाला ओरडून सांगू शकले असते. साहेब आत आला होता. मी बादली उचलून बाजूला झाले.

साहेबानं गटाराच्या टोकाला बाटली धरली. एक भरली, तिचे दोन भाग केले, दोन बाटल्या झाल्या. लाख तापवून दोन्हींवर शिक्का मारला. "एक तपासायला," तो म्हणाला, "दुसरी वाद झाला तर. कायद्यानं कारखान्याच्या माणसानंही सही करायची असते."

मालक नितळ पाण्याकडं बघून इतका निर्धास्त झाला होता की म्हणाला, "मास्तर, तुमीच करा सही. तुमच्या हाताखालचं पानी."

साहेबानं मास्तरांकडं पाहिलं. "हे तुमचं रोजचंच पाणी आहे का?"

रत्नव्वानं माझं मनगट धरलं. मास्तर नाही म्हणाले असते तर साहेबानं हौद उघडायला लावले असते.

"व्हय," मास्तर म्हणाले. "हे बी रोजच सुटतंय."

मालकानं श्वास सोडला. साहेबानं कागद पुढं केला. मास्तरांनी तो मला दिला. "वळसंगवाली, वाच."

मी वाचलं. अमुक डाईंगच्या गटारातलं नेहमीचं सांडपाणी, माझ्यासमोर घेतलं, दोन भाग केले, शिक्का मारला. शेवटपर्यंत वाचलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि तेलुगूत सही केली, सावकाश, एकेक अक्षर गिरवून. मालकानं भजी मागवली. साहेबानं नको म्हटलं. मास्तरही भजी न खाता आत गेले.

तीन आठवड्यांनी निकाल आला. नापास. नुसता नापास नव्हे. लाल पाण्याला म्हणे साहेबानं जास्त मुदत दिली असती, या पाण्यात तर बेडूकसुद्धा जगला नसता. महिनाभरात पाणी शुद्ध करायची सोय करा, नाहीतर बंद.

मालकाला वाटलं, बाटली बदलली. वकिलाकडं गेला. वकिलानं त्याला वाट दाखवली. सही करणाऱ्याला मराठी वाचता येत नाही. काय लिहिलंय ते न कळता त्यानं सही केली, पाणी नेहमीचं नव्हतं, चुकून सुटलेलं होतं, एवढं त्यानं साहेबासमोर सांगितलं की तो नमुना बाद. पुन्हा घ्यावा लागेल. तोवर बघू.

मालक माझ्याकडं आला. कधी न येणारा माणूस काठ्यांच्या मधून वाट काढत आला. "तू वाचून दावलंस का त्यांना?"

"व्हय."

"न्हाय वाचलंस. कळलं?"

मी मान हलवली.

त्या संध्याकाळी आम्ही बायका मास्तरांच्या घरी गेलो. दोन खोल्या, एका खोलीत माग. त्यांची बायको मागावर बसलेली होती. ती उठली, आम्हाला पाणी दिलं. मीच सगळ्यांच्या पुढं होते.

"मास्तर, एवढं म्हना, कळलं न्हाय म्हनून. तुमाला मराठी वाचता येत न्हाय, ह्यात खोटं काय हाय?"

"तू वाचून दावलंस की."

"मी न्हाय म्हननार हाय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. हिरव्या लडी लाल काठीवर टाकताना बघत होते, तसं.

मला ते सहन झालं नाही. "तुमी बोट बुडवून चाखलं न्हाय, मी बगितलंय! मालकाला तवाच सांगितलं असतं तर ही पाळी आली नसती. आमच्या तोंडचा घास काढलाय तुमी जानूनबुजून. तुमचं काय, तुमची पोरं हाताशी आली. आमची कुटं जातील? वाटोळं हुईल तुमचं!"

त्यांची बायको मध्ये आली. "अम्मा, घरात यिऊन असं बोलू नका."

"हिला बोलू दे," मास्तर म्हणाले. मग रत्नव्वाकडं वळले. "अक्कलकोटवाली, पोरीची मान कशी हाय?"

रत्नव्वानं पदर तोंडाला लावला आणि ती बाहेर निघून गेली. तिच्या मागोमाग एकेक करत सगळ्या गेल्या. मी शेवटी निघाले. पाणी प्यायलंच नव्हतं, तांब्या तसाच ठेवला.

दोन दिवसांनी पाणीसाहेब चौकशीला आला. मालकाच्या खोलीत टेबल, त्यावर तो कागद. मालक, मास्तर, मी. खिडकीत बायका.

साहेबानं मालकाचं म्हणणं ऐकलं. मग मास्तरांना विचारलं, "तुम्हाला मराठी वाचता येतं?"

"न्हाय."

मालक टेबलावर पुढं झुकला.

"मग यात काय लिहिलंय हे तुम्हाला कसं कळलं?"

"हिनं वाचून दावलं."

सगळे माझ्याकडं वळले. साहेब त्या दिवशी तिथंच होता, त्यानं मला वाचताना पाहिलं होतं. हे मला त्या क्षणी सुचलंच नाही. मला फक्त घरातली चूल दिसत होती.

"मी न्हाय वाचलं," मी म्हणाले.

साहेब माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं पेन खाली ठेवलं. मला वाटतं त्यानं मला एक संधी दिली होती. मी ती घेतली नाही.

मास्तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे साहेब. तिला लेकरं हायती. तिनं वाचलं का न्हाय ते सोडा. कागद मला कळला नसला तरी पानी कळत हुतं. ठावं असून सही केलीया मी. पुन्ना आना कागद, पुन्ना करतो."

मालक उभा राहिला. "चालते व्हा हितनं."

मास्तरांनी सदऱ्याच्या खिशातून डाईंगच्या कपाटाची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि गेले. खिडकीतल्या बायकांनी त्यांना वाट दिली. मी आतच उभी होते, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता. माझं खोटं त्यांनी झाकलं याचा तर जास्तच.

डाईंग बंद झालं. चार महिने. मी तंबाखू आणि पानं आणून घरी विड्या वळायला लागले. सुरुवातीला बोटं वळेनात. नवऱ्यानं एकदा विचारलं, "त्या म्हाताऱ्याला काय मिळालं ह्यातनं?" पाणीसाहेबाची बदली झाली नाही, की मास्तरांना कुणी शाल घातली नाही. दुसऱ्या कुठल्या डाईंगनं त्यांना दारात उभं केलं नाही. सगळीकडं एकच बोलणं, हा माणूस साहेबासमोर काय बोलेल सांगता येत नाही.

मालकानं शेवटी चुन्याचे दोन मोठे हौद बांधले. घाण पाणी आधी त्यात थांबायचं, चुना खायचं, गाळ खाली बसायचा, मग ओढ्यात. आमची लडी पिळायची जागा त्या हौदांखाली गेली. म्हणून अर्ध्याच बायका परत घेतल्या. रत्नव्वाला घेतलं. मला घेतलं नाही. खोटं बोलूनही घेतलं नाही.

डाईंग पुन्हा सुरू झालं त्या दिवशी मी विड्यांचं सूप डोक्यावर घेऊन त्याच रस्त्यानं चालले होते. मालकानं दाराला आंब्याची पानं बांधली होती. जीप उभी होती. साहेब पुन्हा नमुना घ्यायला आला होता, आणि या वेळी लाल, हिरवा, पांढरा, तिन्ही हौदांचे बोळे त्यानं स्वतः काढायला लावले. मालक त्याच्या मागं मागं पळत होता. सही मालकानं स्वतः केली, हे रत्नव्वानं मला नंतर सांगितलं.

ओढ्याच्या अलीकडं, बाभळीखाली, मास्तर उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. साहेब बाटल्या घेऊन जीपमध्ये बसला, जीप गेली. मालकानं पेढे वाटले. मास्तर तिथंच. मी थांबले. माझ्यात आणि त्यांच्यात एक रस्ता होता. त्यांनी मला पाहिलं असेल, नसेलही.

लोक म्हणतात, हाक मारायची होतीस. काय म्हणून मारली असती? कामाला लागले असते तर मारली असती, हे मला ठाऊक आहे. हात रिकामे असताना माफी मागणं माझ्यानं होत नाही.

मास्तर गटाराच्या तोंडाशी उतरले. चपला काढून काठावर जोडीनं ठेवल्या. धोतर गुडघ्यापर्यंत उचललं आणि जिथं नवं पाणी ओढ्यात पडत होतं, बरोबर तिथं दोन्ही पाय घालून उभे राहिले. ऊन चढलं होतं. ते हलले नाहीत. खाली बघत उभे राहिले, पाय भाजतात का ते बघत असावेत.

सूप जड होतं. ते बाहेर येतील म्हणून मी थोडा वेळ वाट पाहिली. ते आले नाहीत. मी घरी निघाले.